वहिनी गप्प बसल्या

त्या गल्लीत वहिनींना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दोन शर्ट धुवायला टाकून लगेच निघायचं असं ठरवून गिऱ्हाईक आत शिरायचं, आणि बाहेर पडेपर्यंत त्याला वहिनींच्या गुडघेदुखीपासून समोरच्या दवाखान्यातल्या नर्सच्या मोडलेल्या लग्नापर्यंत सगळं कळलेलं असायचं. पुढे वाफेची इस्त्री फुसफुसायची, मागे धुलाईचं यंत्र घरघरायचं आणि या दोघांच्या वरताण वहिनींचा आवाज. यजमान मात्र खिडकीपाशी दिव्याखाली मान घालून रफू करत बसलेले. गल्ली त्यांना रफूकाका म्हणायची. कुणी हाक मारली तरी सुई थांबवून नुसते बघायचे, म्हणजे ऐकू आलं असं समजायचं. संसार मात्र झकास चालला होता. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, मग भांडणार कोण कुणाशी?

दुकानाची एक रीत होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. रीत घालून दिली होती वहिनींच्या सासऱ्यांनी. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की कपड्याची घडी उलगडायच्या आत म्हणायचं, "चूक आमची आहे." मग कपडा बघायचा. डाग त्याच्याच पोराने पाडलेला असो, बाही कुत्र्याने फाडलेली असो, आधी चूक आमची. सासऱ्यांचं म्हणणं असं, की माणूस घरून भांडायची तयारी करून आलेला असतो. त्याला आल्या आल्या चूक कबूल करून टाकली की त्याच्या हातात काही उरत नाही, मग तो शांतपणे बसतो आणि खरं काय ते सांगतो. आणि खरोखरच तसं व्हायचं. निम्मी गिऱ्हाइकं वरमून म्हणायची, अहो वहिनी, डाग आधीचाच असेल बहुतेक. लग्न होऊन आल्यापासून वहिनी हे वाक्य इतक्यांदा म्हणाल्या होत्या, की कुणी कपाळाला आठ्या घालून दारात उभं राहिलं की ते त्यांच्या तोंडून आपोआपच निघायचं. डोक्याला विचारायची गरजच पडायची नाही.

तर त्या दिवशी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. इस्त्री अजून तापत होती. आत आलेला तरुण नेहमीच्या गिऱ्हाइकांतला नव्हता आणि त्याच्या हातात कपडाही नव्हता. वहिनींनी सवयीने या, बसा म्हटलं. त्याने खिशातून चाकू काढला आणि गल्ला उघडायला सांगितलं. वहिनींचा हात गल्ल्याकडे गेला. गल्ला उघडून द्यायचा आणि सुटका करून घ्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण रफूकाका उठले. जन्मभर कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला तो माणूस नेमका तेव्हाच मध्ये पडला. चाकू आधी त्यांच्या दंडावर बसला, मग खांद्यात घुसला. ते भिंतीला टेकून खाली घसरले आणि त्या तरुणाचा हात पुन्हा वर गेला.

काउंटरखालच्या खणात पिस्तूल होतं. शेजारच्या औषधाच्या दुकानात दरोडा पडला, तेव्हा दोघांनी रीतसर परवाना काढून, शिकून वगैरे घेतलेलं. वहिनींना त्याची इतकी धास्ती, की त्याच्यावर फडकं टाकून ठेवायच्या, म्हणजे खण उघडला तरी तोंड दिसायला नको. ते फडकं त्यांनी कधी बाजूला केलं, पिस्तूल कधी उचललं, हे त्यांना नंतर कितीही आठवू म्हटलं तरी आठवेना. आवाज झाला. तो तरुण पोट धरून इस्त्रीच्या टेबलाशी कोसळला.

पिस्तूल काउंटरवर ठेवून वहिनींनी आधी फोन करून अँब्युलन्स बोलावली आणि पोलिसांनाही कळवलं. मग इस्त्री करून ठेवलेल्या चादरींचा गठ्ठा खाली ओढला. एक चादर यजमानांच्या खांद्याला आवळून बांधली. रफूकाका म्हणाले, मी बरा आहे, त्याला बघ. म्हणून दुसरी चादर घेऊन त्या त्या तरुणापाशी गुडघे टेकून बसल्या आणि त्याच्या पोटावर दोन्ही हातांनी ती दाबून धरली. आणि बोलायला लागल्या. दुसरं त्यांना येत काय होतं? डोळे मिटू नकोस, गाडी निघालीय, तो चौक ओलांडला की आलीच, तुझं वय काय, जेवलास का काही. मध्येच त्याचे ओठ हलले. वहिनींनी कान जवळ नेला.

"आईला सांगू नका," तो म्हणाला.

मग त्याची शुद्ध गेली. वहिनी तरीही बोलतच राहिल्या.

पहिला पोलीस आत आला तेव्हा अँब्युलन्सवाले दोघांनाही उचलत होते. रक्ताने माखलेली चादर, काउंटरवर पिस्तूल आणि मधोमध ही बाई. त्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, इथे काय झालं? झालं! वहिनींची जीभ सासऱ्यांच्या रीतीने वागली.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या.

पोलिसाच्या छातीवर छोटा कॅमेरा होता. त्याचा लाल दिवा चालू होता.

पोलीस ठाण्यातली खोली लहान होती. टेबल, खुर्च्या, एक पंखा आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. समोर तपास अधिकारी बाई बसल्या होत्या. वयाने वहिनींच्या धाकट्या जावेएवढ्या असतील, पण खांद्यावरचे बिल्ले बघून वहिनी खुर्चीच्या कडेला बसल्या. मनात सगळं जुळवून तयार होतं. एकदा सगळं सांगून टाकलं की मोकळं वाटेल, आणि यांनाही कळेल की आम्ही कसली माणसं आहोत. एवढ्या वर्षांत ज्याला ज्याला त्यांनी सगळं सांगितलं, त्याला त्याला त्यांचं म्हणणं पटलंच होतं. त्यांनी श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

अधिकारी बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, आधी माझं ऐका. आणि एकेक शब्द सुटा करून, वहिनींच्या डोळ्यांत बघत त्यांनी सांगितलं, की तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही. गप्प राहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. जे बोलाल ते पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. वकील जवळ बसवून मगच बोलायचं, हाही तुमचा अधिकार आहे. समजलं का?

वहिनींना वाटलं, ही बोलायची पद्धत असेल. पाहुण्याला आपण म्हणतो ना, राहू द्या, उठू नका, तसं. त्या म्हणाल्या, नाही नाही मॅडम, मी सांगते ना. तेव्हा अधिकारी बाईंनी तेच सगळं पुन्हा सांगितलं आणि विचारलं, वकील हवा आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

वहिनींची भाची, म्हणजे रफूकाकांच्या बहिणीची मुलगी, वकील होती. एवढं त्यांना त्या गोंधळातही आठवलं. त्या चाचरत म्हणाल्या, "हो. हवा आहे."

अधिकारी बाईंनी टेबलावरचं रेकॉर्डिंगचं यंत्र बंद केलं. पेनाला टोपण लावलं. दाराशी उभ्या शिपायाला फोन आणायला सांगितलं आणि खुर्ची मागे सारून उठल्या. संपलं. वहिनी बघतच राहिल्या. एवढं मोठं सरकार, त्याच्या गाड्या, बंदुका, तुरुंग, दारावरचे पहारे, आणि ते सगळं एका लॉन्ड्रीवाल्या बाईच्या "हो" वर थांबलं? त्यांच्या दुकानात तर "थोडं थांबा" म्हटलं तर धुलाईचं यंत्रही थांबत नसे. त्यांच्या अंगावर काटा आला. भीती होतीच, पण ती मागे पडली आणि हे नवल पुढे आलं. आपल्याकडे एवढी मोठी गोष्ट आहे, जन्मल्यापासून आहे, आणि आपल्याला पत्ताच नाही! कुणी तरी, कुठे तरी, कधी काळी बसून विचार केला असेल, की घाबरलेलं माणूस असं एकटं खोलीत बसेल, तेव्हा त्याच्यापाशी हे असावं. त्या अनोळखी माणसाला वहिनींनी मनातल्या मनात हात जोडले.

भाची आली ती मोठ्या दवाखान्यातून मामांना बघूनच. मामा ठीक आहेत, टाके पडलेत, काळजी नको, हे तिने आधी सांगितलं. तो तरुण जगलाय, पण शुद्धीवर नाही. मग दार लावून घेतलं आणि मामीला धरून बसवलं. पहिल्या पोलिसाला काय बोललीस ते सांग म्हणाली. वहिनींनी सांगितलं. भाचीने कपाळाला हात लावला.

"मामी, तुला कळतंय का तू काय बोललीस? कॅमेऱ्यात आहे ते."

वहिनी म्हणाल्या, अगं, ते तर आपण सगळ्यांनाच म्हणतो. भाची म्हणाली, आपण म्हणतो. कोर्ट लॉन्ड्रीत बसत नाही. माणसाला गोळी लागलीय, गोळी झाडणारी बाई म्हणतेय चूक आमची आहे, यापुढे कुणाला काय ऐकायचं असणार? मग तिचा आवाज जरा खाली आला. लहानपणी सुट्टीत याच दुकानात ती काउंटरवर बसायची, तीही ते वाक्य बोललेली होती.

वहिनी म्हणाल्या, मग मी सगळं खरं खरं सांगते ना, म्हणजे मिटलं. लपवण्यासारखं माझ्याकडे आहे काय? भाचीने विचारलं, बरं, सांग. गोळ्या किती झाडल्यास?

"एक," वहिनी म्हणाल्या. जरासुद्धा न थांबता.

"शपथ घेऊन?"

"शपथ घेऊन. एकच आवाज झाला."

भाचीने फोनवरचा फोटो दाखवला. दुकानाची मागची भिंत होती. हँगरच्या दांडीखाली प्लास्टर उडालेलं होतं. पोलिसांना दोन रिकामी काडतुसं सापडली होती. दोन गोळ्या, मामी. एक त्याला लागली, एक भिंतीला.

वहिनी त्या फोटोकडे बघत राहिल्या. भिंत त्यांची, दांडी त्यांची, हात त्यांचा, आणि ती दुसरी गोळी त्यांना ठाऊकच नाही. आठवायचा प्रयत्न केला. एकच आवाज. आत्ताही एकच. आपल्याच डोक्यात असा कप्पा आहे जो आपल्यालाच उघडत नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं आणि त्या हादरल्या. भाची सांगत होती, जिवावर बेतलं की असंच होतं, सगळ्यांचं होतं. कुणाला आवाज ऐकू येत नाही, कुणाला क्षणही तासभराचा वाटतो, अंतर चुकतं, क्रम चुकतो. तू एक म्हणाली असतीस, भिंत दोन म्हणते. मग तू खोटारडी ठरलीस, आणि एकदा खोटारडी ठरलीस की तुझं खरंही कुणी ऐकणार नाही. खोटं न बोलता माणूस खोटा पडतो मामी. म्हणून गप्प राहायचं असतं. लपवायला नव्हे.

मग भाचीने काय बोलायचं ते सांगितलं. तो चाकू घेऊन आला. त्याने माझ्या नवऱ्यावर वार केले, तो परत वार करणार होता. मला वाटलं नवरा मरतो आता. चाकू तिथे पडला होता, जखमा दवाखान्यात दिसतील. मी तपासाला सहकार्य करीन, पण पुढचं बोलणं वकिलाबरोबर. एवढंच. किती गोळ्या, किती अंतर, किती वेळ, यातलं काहीही नाही. आणि घरी गेल्यावर गल्लीतही नाही, फोनवर नाही, मामांशीसुद्धा त्या सकाळबद्दल नाही, कारण ते साक्षीदार आहेत. उद्या म्हणतील दोघांनी मिळून रचलं. ज्याच्याशी बोलशील त्या प्रत्येकाला कोर्टात बोलावता येतं.

"म्हणजे मी बोलायचं कुणाशी?" वहिनींनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"माझ्याशी," भाची म्हणाली.

अधिकारी बाई परत आल्या. यंत्र सुरू झालं. वहिनींनी सांगायचं तेवढं सांगितलं, अडखळत, पण तेवढंच. अधिकारी बाईंनी ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, तुम्ही आमच्या माणसाला म्हणालात, चूक आमची आहे. ती कसली चूक?

आणि मग त्या थांबल्या. वहिनींना जन्मभरात कुणी एवढी मोकळी जागा दिली नव्हती. पंखा फिरत होता. अधिकारी बाई वाट बघत होत्या, मायेनेच म्हणायचं, चेहऱ्यावर राग नाही की घाई नाही. वहिनींच्या घशाशी सासरे आले, दुकान आलं, कुत्र्याने फाडलेली बाही आली. एका दमात सगळा खुलासा झाला असता. पण खुलासा करता करता त्या सकाळपर्यंत जावं लागलं असतं, आणि त्या सकाळी त्यांच्या डोक्यात एकच गोळी होती. टेबलाखाली त्यांनी पदर मुठीत आवळला. दात ओठांवर रोवले. चकार शब्द काढला नाही. अधिकारी बाईंनी मान हलवली, यंत्र बंद केलं आणि विचारलं, पाणी हवं का? नंतर वहिनी भाचीला म्हणाल्या, बाळंतपणात एवढा जोर लावला नव्हता गं.

त्यांना घरी सोडलं, पण गाव सोडून जायचं नाही, बोलावलं की यायचं, अशा अटीवर. खटला भरायचा की नाही हे सरकारी वकील ठरवणार होते. ठरेपर्यंत तलवार टांगलेलीच. तो तरुण शुद्धीवर आला नाही तर काय, आणि आला आणि काहीतरी भलतंच बोलला तर काय? भाची तोंडाने धीर द्यायची, पण चहाचा कप हातात थंड होईपर्यंत धरून बसायची. वहिनींच्या ते नजरेतून सुटत नसे.

पोलिसांनी दुकान मोकळं केल्यावर गल्ली लोटली. धुवायला काही नसलेली माणसंसुद्धा घरातले धुतलेले कपडे पुन्हा घेऊन आली. एक काकू तर पडदेच काढून घेऊन आल्या. सगळ्यांचे कान टवकारलेले. आणि वहिनी पावती फाडून द्यायच्या आणि म्हणायच्या, शुक्रवारी घेऊन जा. बस्स! गल्लीला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. समोरच्या दवाखान्यातली नर्स त्यांची नाडी बघून गेली. लोकांनी चिडवून बघितलं, रुसून बघितलं, वहिनी मूग गिळून बसलेल्या.

दुकानात इतकी शांतता पसरली की रफूकाकांनाच ती सोसवेना. हात गळ्यात बांधलेला, रफू करता येत नव्हतं. एके दुपारी ते आपणहून म्हणाले, आज उकडतंय. वहिनींनी चमकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला लोकर आणि सुताचा फरक समजावून सांगितला. आठवडा उलटला तेव्हा ते लहानपणी विहिरीत पडलेल्या बकरीची गोष्ट सांगत होते, जी वहिनींनीही कधी ऐकली नव्हती. त्या सकाळबद्दल मात्र दोघंही ब्र काढत नव्हती. रात्री दिवा मालवल्यावर रफूकाका चांगल्या हाताने बायकोचा हात धरायचे. वहिनी मनात म्हणायच्या, एवढी वर्षं मी बोलत होते म्हणून या माणसाला कधी ऐकलंच नाही की काय.

आणि मग ती बाई आली.

दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. रफूकाका टाके दाखवायला दवाखान्यात गेले होते. बाई दारात उभी राहिली, हातात डबा घेतलेला, दवाखान्यातून परतताना असतो तसा. तिच्या कपाळावर आठ्या नव्हत्या. वहिनींनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं. हनुवटी तीच होती.

बाई म्हणाली, मी भांडायला नाही आले. माझ्या मुलाने जे केलं ते मला पोलिसांनी सांगितलं. तो अजून डोळे उघडत नाही. मग ती काउंटरला धरून उभी राहिली. म्हणाली, शेवटी त्याच्याजवळ तुम्ही होता. अँब्युलन्सवाला म्हणाला, तुम्ही त्याला धरून बसला होता.

"तो काही बोलला का हो?" तिने विचारलं. "मला फक्त तेवढं सांगा."

वहिनींनी पावतीपुस्तक मिटलं. होतं ना, सांगण्यासारखं होतं, आणि ते ऐकायचा पहिला हक्क या बाईचाच होता. जगात दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. पण हीसुद्धा साक्षीदार. तो काय बोलला हे सांगितलं, की मग तुम्ही काय बोललात, मग त्याआधी काय झालं, मग गोळी. आणि त्याहून अवघड म्हणजे, तो जे म्हणाला ते हिलाच सांगू नका म्हणून म्हणाला होता. वहिनींच्या जिभेवर ते वाक्यही येऊन उभं राहिलं, सासऱ्यांचं. या वेळी सवयीने नव्हे. या वेळी त्यांना ते अगदी मनापासून म्हणायचं होतं, कारण समोर आई होती आणि तिचा मुलगा वहिनींच्या हातून पडला होता. तोंड उघडलंसुद्धा.

त्यांनी ते मिटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. काउंटरची फळी उचलून त्या बाहेर आल्या, रफूकाकांची खुर्ची ओढून तिला बसवलं. पाण्याचा ग्लास दिला. तिने तो घेतला. वहिनी समोर स्टुलावर बसल्या. दोघी बराच वेळ नुसत्या बसल्या होत्या. इस्त्री फुसफुसत होती. बाईने त्यांच्या तोंडाकडे बघता बघता काय वाचलं कोण जाणे, पण उठताना ती म्हणाली, "बरं. काहीतरी बोलला म्हणजे." आणि डबा घेऊन निघून गेली. वहिनींना वाटलं, आपण आजवर जे काही बोलत आलो त्यातलं एवढं तरी कुणाला पोचलं होतं का?

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. भाचीला फोन करून फक्त म्हणाल्या, हा तुझा अधिकार फार जड आहे गं. भाची म्हणाली, माहीत आहे मामी. अजून थोडे दिवस.

थोडे दिवस कसले, चांगलेच दिवस गेले. मग एका सकाळी भाची कोर्टाच्या कपड्यांतच दुकानात शिरली. पावती घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिने सरळ बाहेर काढलं, दार लावलं आणि मामीला मिठी मारली. सरकारी वकिलांनी कळवलं होतं, वहिनींवर खटला होणार नाही. स्वतःच्या माणसाचा जीव वाचवायला केलेली कृती. प्रकरण बंद. रफूकाकांनी सुई खाली ठेवली आणि तोंडावर हात धरून ते रडायला लागले.

वहिनी मात्र उभ्याच. म्हणाल्या, कसं काय? अगं, आणि ते कॅमेऱ्यातलं वाक्य?

भाची बसली. म्हणाली, तेच तर. तो शुद्धीवर आलाय, आणि त्याने जबाब दिलाय. त्याच्या वकिलाला तुझं वाक्य माहीत होतं. तो तर त्यावरच टपून बसला होता. हा पोरगा गप्प राहिला असता ना, तर वकिलाने कोर्टात म्हटलं असतं, पोरगा भांडत होता, चाकू त्यांचाच होता, बाईने आधी गोळी झाडली, बाई स्वतःच म्हणतेय चूक आमची. अर्धंअधिक निभावलं असतं. कदाचित सुटलाही असता. तू अडकली असतीस. पण त्याने सगळं सांगून टाकलं. चाकू माझा. पहिला वार मी केला, दुसरा मी केला, तिसरा करणार होतो, तेव्हा तिने गोळी झाडली. आणि म्हणाला, ती बाई सारखी बोलत होती, तिचा आवाज येत होता तोवर मला वाटत होतं, मी मरत नाही.

वहिनींनी काउंटर धरला. दुकानात काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणजे इस्त्री असेलच चालू, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली खाट आली, नळ्या आल्या, खाटेशी खुर्ची ओढून बसलेल्या अधिकारी बाई आल्या.

"त्याला सांगितलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "काही बोललंच पाहिजे असं नाही म्हणून? तुला अधिकार आहे म्हणून?"

"सांगितलं होतं. दोनदा. डॉक्टरांसमोर. त्याचा वकील तर त्याचा हात धरून नको नको म्हणत होता."

"आणि त्याला समजलं होतं?"

"समजलं होतं. विचारलं तेव्हा हो म्हणाला."

"तरी बोलला?"

"तरी बोलला, मामी."

वहिनी खाली बसल्या. त्यांच्या हातात जे दिलं होतं तेच त्या पोराच्या हातात दिलं होतं, त्याच शब्दांत, त्याच हळू आवाजात. त्यांनी ते छातीशी घट्ट धरलं आणि त्या वाचल्या. त्याने ते समजून उमजून खाली ठेवलं आणि त्या वाचल्या. या दोहोंतलं कोणतं मोठं, हे त्यांना ठरवता येईना. माणूस एवढं करू शकतो, आणि तेही चाकू घेऊन आलेला माणूस, यापुढे त्यांची मती चालेना. त्यांना एकदम त्याची फार भीती वाटली, आणि फार माया आली.

भाची म्हणाली, आता तुला हवं ते बोल, कुणाशीही बोल. दाराबाहेर गल्ली काचेला नाक लावून उभी होती. रफूकाकाही डोळे पुसून बायकोकडे बघायला लागले, की आता सुटेल पट्टा.

वहिनींनी दाराकडे पाहिलंही नाही. मग विचारलं, कबूल केलं म्हणजे त्याला शिक्षा होणार का? भाची म्हणाली, होणार. पण किती, ते त्याचा वकील कसा बाजू मांडतो त्यावर आहे. सरकारने दिलेला वकील आहे. बरा आहे.

"बरा नको," वहिनी म्हणाल्या. "चांगला बघ."